गच्चीवरचा वायू, सिल्लारीचे तारे : नॅरोबँड आणि ब्रॉडबँड एकत्र कसे करायचे

जानेवारीच्या मध्यावर रात्री अकराच्या सुमारास नागपुरातल्या आमच्या गच्चीवर उभं राहिलं की मृगातली तांबूस काक्षी आणि तिच्या पूर्वेचा प्रश्वा हे दोन तारे शहराच्या उजेडातही ठळक दिसतात. काक्षीकडून प्रश्वाकडे साधारण एक तृतीयांश वाट चाललं की रोझेट तेजोमेघाची जागा येते. क्षितिजापासून तब्बल ७४ अंश वर. पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून मोठा असा हा तेजोमेघ, पण डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. दिसतो तो शहराचा राखाडी उजेड.

त्याच गच्चीवरून, त्याच रात्री, कॅमेऱ्यापुढे ५ नॅनोमीटरचा एच-अल्फा फिल्टर, म्हणजे हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा अरुंद पट्टाच तेवढा आत सोडणारी काच, लावून पाच मिनिटांचं एकच एक्स्पोजर घेतलं, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्यांसारखा तो आकार उमटला. मला राहवलं नाही. शेजारच्या काकांना मी झोपेतून उठवून वर आणलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाप्पा! हे आपल्या गच्चीवरून?"

हो, आपल्याच गच्चीवरून. पण ते चित्र काळंपांढरं होतं, आणि त्यातले सगळे तारे सारखेच पांढरे टिंब. रोझेटच्या पोटात एनजीसी २२४४ हा तरुण, निळसर ताऱ्यांचा गुच्छ आहे. त्या ताऱ्यांच्या तेजानेच आजूबाजूचा वायू उजळलेला असतो. तो निळेपणा एच-अल्फा फिल्टरमधून कधीच येणार नाही. त्यासाठी लाल, हिरव्या आणि निळ्या रुंद फिल्टरमधून वेगळी चित्रं घ्यावी लागतात. मग संगणकावर दोन प्रकारचा डेटा जमतो, अरुंद फिल्टरचा नॅरोबँड आणि रुंद फिल्टरचा ब्रॉडबँड, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो. या दोघांना एकत्र कसं करायचं?

बहुतेक चित्रं बिघडतात ती याच पायरीवर. तारे हिरवट-निळे होतात, तेजोमेघ टोमॅटोसारखा होतो, किंवा आकाशाची पार्श्वभूमी लालसर डागाळते. कारण जवळपास प्रत्येक वेळी एकच असतं. कुठल्या चित्रात कोणाचा प्रकाश आहे हे न विचारता दोन चित्रं एकमेकांत ओतलेली असतात.

हे समजून घ्यायला बाजाची पेटी डोळ्यांसमोर आणा. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. अशी कल्पना करा की पेटीला तीनशे पट्ट्या आहेत, प्रत्येक नॅनोमीटरला एक. एका टोकाला जांभळा, दुसऱ्या टोकाला लाल. तारा म्हणजे तापलेला गोळा, तो सगळ्या पट्ट्या एकदम दाबतो. काक्षी लाल बाजूच्या पट्ट्यांवर जास्त जोर देते, राजन्य निळ्या बाजूच्या. या जोरातला फरक म्हणजेच ताऱ्याचा रंग. तेजोमेघातला विरळ वायू मात्र मोजक्याच पट्ट्या दाबतो. हायड्रोजनची मुख्य पट्टी ६५६.३ नॅनोमीटरवर, गडद लाल. तिलाच एच-अल्फा म्हणतात. त्याचीच दुसरी, हळू आवाजाची पट्टी ४८६.१ वर, निळसर, ती एच-बीटा. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या दोन पट्ट्या ४९५.९ आणि ५००.७ वर, हिरव्या आणि निळ्याच्या सीमेवर. त्यातली दुसरी पहिलीच्या जवळपास तिप्पट जोरात. हा आपला ओ-थ्री. आणि गंधकाची जोडी ६७१.६ व ६७३.१ वर, म्हणजे एस-टू.

ओ-थ्रीची गोष्ट मला फार आवडते. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ या तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक लावला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसेल असं वाटलं होतं, पण दिसल्या काही सुट्या चमकदार रेषा, त्यात एक ठळक हिरवट. पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी ती रेषा जुळेना. म्हणून पुढे 'नेब्युलियम' नावाचं नवीन मूलद्रव्य कल्पून झालं. कोडं सुटलं ते १९२७ मध्ये, आयरा बोवेन यांच्याकडून. तो ऑक्सिजनच होता. प्रयोगशाळेतल्या वायूत अणू एकमेकांवर इतके आपटतात की ही रेषा बाहेर टाकण्याइतकी उसंतच ऑक्सिजनला मिळत नाही. तेजोमेघ इतका विरळ असतो की तिथे ती मिळते. याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. ५००.७ ही पट्टी गावातला कुठलाच दिवा खास म्हणून दाबत नाही. तिथे शहराचा जो उजेड येतो तो फक्त सगळ्या पट्ट्यांवर पसरलेल्या गोंगाटाचा भाग म्हणून.

आणि तो गोंगाट वाढला आहे. रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा बराचसा प्रकाश वर्णपटाच्या पिवळ्या भागात एकवटलेला असे. तेवढा पट्टा अडवणारा फिल्टर लावला की बरंच काम व्हायचं. आता पांढरे एलईडी आले. ते ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्यात एक उंच टोक आणि पुढे हिरव्या-पिवळ्यापासून लालपर्यंत रुंद उंचवटा असा प्रकाश देतात. म्हणजे त्यांनीही जवळपास सगळ्या पट्ट्या दाबल्या. आता अडवायला एक नेमका पट्टा उरला नाही. उलट बाजूने जावं लागतं: ज्या पट्टीवर सूर आहे तेवढीच ऐकायची, बाकी सगळी पेटी बंद.

याचा फायदा आकड्यांत बघू. लाल ब्रॉडबँड फिल्टर साधारण १०० नॅनोमीटर रुंद असतो. आपला एच-अल्फा ५ नॅनोमीटरचा. म्हणजे आकाशाचा उजेड सुमारे विसावा हिस्सा झाला, पण हायड्रोजनचा प्रकाश त्या ५ नॅनोमीटरच्या आतच असल्यामुळे तो जवळपास पूर्ण आत आला. आकाशाच्या उजेडामुळे येणारी खरखर, म्हणजे नॉइज, उजेडाच्या वर्गमुळाने वाढते. उजेड विसावा हिस्सा, तर खरखर साधारण साडेचारपट कमी. आता हीच स्वच्छता लाल फिल्टरने मिळवायची तर किती वेळ लागेल? वीसपट. गच्चीवरून एका तासात एच-अल्फा फिल्टरने वायूचं जे चित्र मिळतं, त्यासाठी त्याच गच्चीवरून लाल फिल्टर वीस तास उघडा ठेवावा लागेल. उजळलेल्या शहरात नॅरोबँडला पर्याय नाही असं मी म्हणतो ते यामुळे.

पण ब्रॉडबँडला जे कळतं ते नॅरोबँडला कळतच नाही, हेही तितकंच खरं. ताऱ्यांचे रंग सांगितलेच. कृत्तिकांभोवतीची निळी धूसरता घ्या. ती चमकणारा वायू नाही, ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणारी धूळ आहे. ती धूळ ताऱ्याच्याच सगळ्या पट्ट्या आपल्याकडे पाठवते. एच-अल्फा फिल्टरमध्ये ती नाहीशी होते. दीर्घिका तर अब्जावधी ताऱ्यांच्याच बनलेल्या. थोडक्यात, वायू नॅरोबँडकडून विचारायचा आणि तारे व धूळ ब्रॉडबँडकडून.

नागपूरकरांसाठी या वाटणीला एक भौगोलिक सोय आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यातला सिल्लारीचा परिसर शहरातून दीड-दोन तासांवर आहे. तिथे अमावास्येच्या आसपास नुसत्या डोळ्यांनी आकाशगंगेचा हिवाळी पट्टा दिसतो. जंगलात रात्री वाटेल तिथे तिवई रोवता येत नाही, परवानगी असलेल्या जागीच काम करायचं. पण एखादी रात्र मिळाली तरी पुरते. कारण ताऱ्यांच्या रंगांना फार वेळ लागत नाही. तीन रंगांना मिळून दीड-दोन तास स्वच्छ आकाश मिळालं तरी तारे सुंदर येतात. वायूसाठी लागणारे दहा-बारा तास मात्र घरच्या गच्चीवर, कामाच्या दिवसांतसुद्धा, जेवण झाल्यावर यंत्र लावून मिळवता येतात. एच-अल्फा तर चांदण्यातही चालतो, कारण चंद्राचा विखुरलेला प्रकाश लाल बाजूला कमी असतो. ओ-थ्रीचं तसं नाही. तो निळ्या-हिरव्यात असल्यामुळे चंद्र मोठा असेल तर थांबलेलं बरं.

ऋतूचं गणितही लक्षात ठेवावं. हंस तारकासमूहातले सुरेख तेजोमेघ जुलै-ऑगस्टच्या मध्यरात्री आपल्या डोक्यावर असतात, आणि तेव्हा वर ढग असतात. ते पश्चिमेला कलताना ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी जमेल तेवढे पकडायचे. मे महिन्यात रात्रीही हवा इतकी तापलेली असते की थंड करणाऱ्या कॅमेऱ्यालाही सेन्सर हवा तेवढा गार ठेवता येत नाही. म्हणून आपला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या चार महिन्यांतली एकेक निरभ्र रात्र मी सणासारखी धरतो.

आता संगणकाकडे. प्रत्येक फिल्टरच्या फ्रेम, म्हणजे सुटी एक्स्पोजर, वेगळ्या एकावर एक रचायच्या, आणि फ्लॅटही, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, प्रत्येक फिल्टरचे वेगळे घ्यायचे, कारण धूळकणांच्या सावल्या फिल्टरगणिक बदलतात. रचलेली सगळी चित्रं एकाच संदर्भ-चित्राशी ताऱ्यावर तारा ठेवून जुळवायची. इथपर्यंत सिरिलसारखं मोफत सॉफ्टवेअर सगळं करतं. त्यानंतर दोन गोष्टी अशा आहेत ज्यांचा क्रम चुकवू नये असं मी कळकळीने सांगेन.

पहिली म्हणजे प्रकाशाचा उतार, ज्याला ग्रेडियंट म्हणतात, तो प्रत्येक चित्रातून वेगवेगळा काढायचा, एकत्र करण्यापूर्वी. माझ्या गच्चीवरून उत्तरेला कोराडीच्या बाजूची चमक आहे, त्यामुळे चित्राची एक कड उजळ येते. लाल चित्रात हा उतार जास्त, एच-अल्फात कमी. तो न काढता दोन्ही मिसळले, तर उतार नुसता उजेड राहत नाही, तो रंग बनतो. मग तेजोमेघाचा लाल कोणता आणि शहराचा कोणता हे वेगळं करणं जवळपास अशक्य. ग्रॅक्सपर्ट हे त्यासाठीचं चांगलं साधन, तेही मोफत.

दुसरी म्हणजे रंगांचं संतुलन फक्त ब्रॉडबँडवर करायचं, आणि नॅरोबँड मिसळण्याआधी करायचं. आजची सॉफ्टवेअर चित्रातले तारे ओळखून गाया या अंतराळ दुर्बिणीने मोजलेल्या त्यांच्या प्रकाशाशी ताडून पाहतात आणि त्यावरून लाल-हिरवा-निळा यांचं प्रमाण ठरवतात. एच-अल्फा आधीच लालमध्ये मिसळला असेल, तर ताडून पाहायला ठेवलेले ताऱ्यांचे आकडेच बदललेले असतात. मग मापच चुकतं.

सुरुवातीला मी काय केलं होतं ते सांगतो. लाल चित्र काढून टाकलं आणि त्याच्या जागी सरळ एच-अल्फा बसवला. तेजोमेघ झकास आला, पण एकूण एक तारा हिरवट-निळा. का, ते पेटीवरून कळतं. ताऱ्याने लाल भागातल्या शंभर पट्ट्या दाबल्या होत्या, मी त्यातल्या पाचच ऐकल्या. हिरवा आणि निळा पूर्ण, लाल मात्र नावापुरता. लाल वजा झाला की उरतो तो हिरवा-निळाच.

मग लोक मिसळण सुचवतात: सत्तर टक्के लाल, तीस टक्के एच-अल्फा. किंवा प्रत्येक पिक्सेलला दोघांतला जो जास्त उजळ तो घ्यायचा. ही दुसरी युक्ती घाईत कामाची आहे, ताऱ्यांचं फारसं नुकसान करत नाही. पण तिच्यात एक खोट आहे. रिकाम्या आकाशात दोन्ही चित्रांत नुसती खरखर असते, कधी वर कधी खाली. दोघांतली जास्त तीच सतत उचलली की लाल रंगाची सरासरी आपोआप चढते. पार्श्वभूमी लालसर होते आणि आपल्याला वाटतं तिथे धूसर तेजोमेघ सापडला. तो तेजोमेघ नसतो, निवडलेली खरखर असते.

खरी सरळ वाट म्हणजे एच-अल्फा चित्रातून ताऱ्यांचा हिस्सा वजा करून निव्वळ वायू बाहेर काढायचा, आणि मग तेवढाच वायू रंगीत चित्रात घालायचा. याला कंटिन्यूअम वजाबाकी म्हणतात. नाव जड आहे, हिशेब शाळेतला आहे.

समजा एखाद्या पिक्सेलमध्ये ताऱ्यांचा प्रकाश प्रत्येक नॅनोमीटरला २ इतका आहे आणि हायड्रोजनचा एकूण ५० आहे. लाल फिल्टर १०० नॅनोमीटरचा, म्हणून त्यात येणार २ गुणिले १०० अधिक ५०, म्हणजे २५०. एच-अल्फा ५ नॅनोमीटरचा, त्यात येणार २ गुणिले ५ अधिक ५०, म्हणजे ६०. आता उलट जाऊ. आपल्या हातात फक्त २५० आणि ६० हे आकडे आहेत. एच-अल्फाला लालच्या रुंदीने गुणा: ६० गुणिले १००, सहा हजार. लालला एच-अल्फाच्या रुंदीने गुणा: २५० गुणिले ५, साडेबाराशे. वजाबाकी ४७५०. तिला दोन रुंदींतल्या फरकाने, ९५ ने, भागा. उत्तर ५०. वायू जसाच्या तसा परत मिळाला.

याच हिशेबात एक ठळक तारा बसवून बघा. प्रत्येक नॅनोमीटरला २०, वायू शून्य. लालमध्ये २०००, एच-अल्फात १००. शंभरपट आणि पाचपट केलं की दोन्हीकडे दहा हजार, वजाबाकी शून्य. तारा गायब. आणि हाच तारा तेजोमेघाच्या आत असेल तर? लाल २०५०, एच-अल्फा १५०. पंधरा हजार वजा दहा हजार दोनशे पन्नास, पुन्हा ४७५०, पुन्हा ५०. ताऱ्यावरून पुसून काढल्यावर त्या जागचा वायू आजूबाजूच्या वायूइतकाच निघाला. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. यात कुठलीही अंदाजपंचे सजावट नाही.

प्रत्यक्षात आकडे इतके गुळगुळीत नसतात. दोन फिल्टरचं एक्स्पोजर वेगळं असतं, काच किती प्रकाश सोडते हे वेगळं असतं, माझं लाल चित्र सिल्लारीचं आणि एच-अल्फा गच्चीवरचं असतं. शिवाय हा हिशेब तेव्हाच लागू पडतो जेव्हा आकाशाचा उजेड दोन्ही चित्रांतून आधीच वजा झालेला असतो आणि चित्र अजून स्ट्रेच, म्हणजे अंधारे भाग ओढून उजळ, केलेलं नसतं. म्हणून फिल्टरच्या रुंदीचा आकडा आरंभापुरता धरायचा आणि मग डोळ्यांनी नेमका करायचा. पिक्सेलमॅथमध्ये, म्हणजे पिक्सेलगणिक बेरीज-वजाबाकी करणाऱ्या साधनात, एच-अल्फातून लाल चित्राचा एक अंश वजा करा आणि तो अंश हळूहळू वाढवत न्या. आधी तारे फिके होतील, मग साधारण तारे विरतील, आणि त्यापुढे गेलात तर ताऱ्यांच्या जागी काळी भोकं पडतील. भोकं पडण्याच्या जरा अलीकडे थांबायचं. सगळे तारे एकाच आकड्याला विरत नाहीत, कारण त्यांचे रंग वेगळे. मधल्या रंगाच्या ताऱ्यांकडे बघून ठरवा. दोन चित्रांतली ताऱ्यांची गोलाई वेगळी असेल तर भोकाभोवती पांढरी कडी उरते. ती छोटी असेल तर मी तिच्या मागे लागत नाही, पुढे रंगीत तारा तिला झाकतो.

आता हा निव्वळ वायू लाल चित्रात मिळवायचा. किती, हे मात्र शास्त्र ठरवत नाही, आपण ठरवतो. रोझेटमध्ये धुळीच्या काळ्या लहान गाठी उजळ वायूवर उठून दिसतात. त्यांच्या कडा बुजू लागल्या की मी मात्रा कमी करतो.

इथे एच-बीटा आठवा. हायड्रोजन जिथे ६५६.३ ची पट्टी दाबतो तिथे तो ४८६.१ चीही दाबतोच. तेजोमेघातल्या साधारण दहा हजार अंश तापमानाला दोघांचं गुणोत्तर सुमारे २.८६ ला १ असतं. म्हणजे नुसता लाल वाढवणं अर्धवट आहे, थोडा वायू निळ्यातही जायला हवा. वाटेतली आंतरतारकीय धूळ निळा प्रकाश जास्त खाते, म्हणून पूर्ण एक तृतीयांश न घालता मी पंधरा-वीस टक्के घालतो. तेवढ्याने टोमॅटोचा लाल जाऊन गुलाबाचा गुलाबी येतो. ओ-थ्रीसाठीही अशीच वजाबाकी करून निघालेला वायू हिरव्यात आणि निळ्यात सारखा वाटायचा, कारण ५००.७ ही पट्टी दोन्ही फिल्टरच्या सीमेवर बसते. रोझेटच्या मध्यभागी, गुच्छातल्या तप्त ताऱ्यांजवळ, तो फिकट मोरपंखी छटा आणतो.

या वजाबाकीचं खरं मोल दीर्घिकांमध्ये कळतं. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या एच-अल्फा चित्रात वायूपेक्षा ताऱ्यांचाच प्रकाश जास्त असतो. ते तसंच मिसळलं तर सगळी दीर्घिका लाली फासल्यासारखी होते. वजाबाकी केली की सर्पिल हातांवर फक्त तारे जन्मत असलेल्या जागा गुलाबी मण्यांसारख्या ओवलेल्या दिसतात. त्यातला सर्वांत मोठा मणी म्हणजे एनजीसी ६०४, विल्यम हर्शेल यांनी १७८४ मध्ये टिपलेला.

दुसरी एक वाट आहे, ती तेजोमेघांसाठी फार सोयीची: तारे वेगळे, वायू वेगळा. स्टारनेटसारखं साधन चित्रातले तारे उचलून काढतं. नॅरोबँडमधून तारे काढून टाका आणि उरलेल्या वायूला हवं तसं उजळा. ब्रॉडबँडमधून उलट, तारेच तेवढे ठेवा. शेवटी दोन्ही एकत्र. पण साधी बेरीज करू नका. काळा शून्य आणि पांढरा एक मानला, तर वायूचा ०.६ आणि ताऱ्याचा ०.५ मिळून १.१ होतात, म्हणजे पिक्सेल जळून पांढरा. त्याऐवजी स्क्रीन पद्धत वापरा. दोघांनाही एकातून वजा करा, ०.४ आणि ०.५, त्यांचा गुणाकार ०.२, तो पुन्हा एकातून वजा, ०.८. तारा उजळ राहिला आणि त्याचा रंगही जळला नाही.

दीर्घिकांसाठी मात्र ही वाट मी टाळतो. एनजीसी ६०४ सारखे मणी या साधनाला तारेच वाटतात आणि ते तेही उचलून नेतं. आणि तेजोमेघातसुद्धा ताऱ्याच्या खाली जे भरलं जातं ते साधनाने अंदाजाने भरलेलं असतं, मोजलेलं नसतं. म्हणून त्या जागांवर धार वाढवण्याचे प्रयोग करू नयेत.

हबल पॅलेटमध्येही हीच युक्ती कामी येते. १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचं जे चित्र दिलं, त्यात एस-टूला लाल, एच-अल्फाला हिरवा आणि ओ-थ्रीला निळा रंग दिला होता. एच-अल्फा आणि एस-टू दोन्ही डोळ्यांना एकसारखेच लाल, फरक जेमतेम पंधरा नॅनोमीटरचा. त्यांना वेगळे रंग दिल्याशिवाय गंधक कुठे आणि हायड्रोजन कुठे हे कळणार कसं? पण घरी हे करताना तारे जांभळट होतात. कारण एच-अल्फा मुळात जोरदार, त्याला कमी उजळावं लागतं. एस-टू आणि ओ-थ्री अशक्त, त्यांना खूप ओढून उजळावं लागतं. ताऱ्यांचा प्रकाश तिन्हीत साधारण सारखाच होता, त्यामुळे लाल आणि निळा फुगले, हिरवा मागे राहिला. तिथे नॅरोबँडचे तारे काढून सिल्लारीचे तारे बसवले की नकाशा नकाशाच्या जागी आणि तारे आपल्या खऱ्या रंगात.

ज्यांच्याकडे रंगीत कॅमेरा आणि दोन पट्ट्यांचा ड्युअल बँड फिल्टर आहे त्यांनाही हे सगळं जमतं. लाल पिक्सेलमधून एच-अल्फा काढा, हिरव्या-निळ्यातून ओ-थ्री. फक्त लाल पिक्सेल चारांत एकच असतो, म्हणून एच-अल्फासाठी वेळ जास्त द्या. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढची काच ६५६ चा बराचसा प्रकाश अडवते, त्यामुळे तिथे निराशा येते. ती तुमच्या हाताची चूक नव्हे. आणि एच-अल्फाला सरसकट ल्युमिनन्स म्हणून वरून बसवण्याचा मोह मात्र आवरा. ल्युमिनन्स म्हणजे चित्राची उजळी. जिथे वायू नाही, फक्त निळी धूळ आहे, तिथे एच-अल्फाची उजळी शून्याजवळ असते. कृत्तिकांवर हे केलंत तर निळी धूसरता विझून जाईल.

माझी भाची गेल्या दिवाळीत चित्र बघून म्हणाली, "मामा, हे खरंच असं लाल असते का?" मी तिला सांगितलं की ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश लालच असतो, तो मी रंगवलेला नाही. पण तो किती उजळ दाखवायचा हे मी ठरवलं आहे. तारे मी सिल्लारीला घेतले, वायू इथे वर गच्चीवर, आणि निळ्यात टाकलेला पाचवा हिस्सा हा हायड्रोजनच्याच दुसऱ्या पट्टीचा अंदाज आहे. तेव्हापासून प्रत्येक चित्राखाली मी हे लिहून ठेवतो: कुठल्या फिल्टरचे किती तास, कुठून, वायू किती मिसळला, पॅलेट कोणता.

या हंगामातल्या रोझेटच्या चित्राखाली एच-अल्फाचे नऊ तास लिहून झाले आहेत, तारेही सिल्लारीहून आले आहेत. ओ-थ्री मात्र तीनच तास आहे आणि मधला मोरपंखी भाग अजून खरखरीत दिसतो. चंद्र उतरला की संध्याकाळी लवकर, काक्षी पश्चिमेला कलायच्या आत, चार रात्री मिळायला हव्यात.